पहाडाकडचं दार

आमच्या घरात पाय जास्त आणि चपला कमी होत्या. माय सकाळी दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात फळं निवडायला जायची ती माझीच चप्पल घालून, आणि मी शाळेत अनवाणी. बाई विचारायच्या, चप्पल कुठं आहे? मी सांगायची, आमचा पानमळा आहे, आमच्यात पायात काही घालत नाहीत. अर्धं खरं होतं. पानमळ्यात चप्पल घालून जायचं नसतंच, पाय धुऊन जायचं असतं. पण शाळा म्हणजे काही पानमळा नव्हता.

मळा लहानसा. त्यात दोन घरांचा वाटा, आमचा आणि माझ्या मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचा. खाणारी तोंडं जास्त, विहिरीचं पाणी होळी आली की खाली. बाबा मळ्याचं काम उरकून लोकांच्या शेतात पिंपळी तोडायला जायचे. ती मिरीसारखी तिखट फळं वेलीवरून खुडून बोटांची आग व्हायची, आणि रात्री भाकरीचा घास मोडताना बाबा तोंड वाकडं करायचे. माय म्हणायची, "दह्यात हात घाला." घरात दही असलं तर. आमच्या दोन्ही घरांत सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि गेलं नाही म्हणून कुणाला वाईटही वाटत नव्हतं. पानं खुडायला, निवडायला, रचायला शाळा लागत नाही.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायाशी. सातपुडा हे नाव मी पुस्तकात वाचलं. आम्ही त्याला पहाड म्हणतो. गावात कुणी उत्तर-दक्षिण म्हणत नाही. पहाडाकडं आणि खाली, एवढ्या दोनच दिशा. "पहाडाकडचा बैल", "खालची विहीर", असं बोलणं. लांबून पाहिला तर पहाड निळा आणि सपाट, कुणी पट्टीनं रेघ ओढावी तसा. जवळ गेलं की कळतं, तो सगळा फाटलेला आहे. काळा कातळ, त्याला पायऱ्या पडलेल्या, मध्येच खोल दऱ्या, आणि प्रत्येक दरीच्या तोंडातून एकेक नाला बाहेर पडतो. त्यातल्या एका दरीचं तोंड बरोबर आमच्या मळ्यासमोर उघडतं.

पानमळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. शेवरी-पांगाऱ्याची झाडं दाटीनं लावतात, त्यांवर विड्याच्या पानांची वेल चढवतात, आणि चारी बाजूंनी पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या आणि बांबूच्या ताट्या बांधतात. आत कायम सावली, कायम ओल. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना आत गेलं की माठाला गाल लावल्यासारखं वाटतं. वेल फार नाजूक. ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, थंडी तर मुळीच नाही.

तरी आमच्या मळ्याचं दार पहाडाकडं, आणि ते कधी लावायचं नाही. लावायला फळीच नव्हती. आमच्या घरातली समजूत अशी की वेल पहाडातून आली, पहाड तिचं माहेर. सासरी नांदणाऱ्या पोरीचं माहेराकडचं दार कोण बंद करतं? बाकी तिन्ही बाजू बाबा दरवर्षी नव्यानं बांधायचे, खालची बाजू तर दुहेरी, कारण उन्हाळ्यातली झळ खालून येते. पहाडाकडच्या बाजूला मात्र ते दार उघडं. आमच्या शेजारच्या मळ्याचंही तसंच. पिढ्यान् पिढ्या तसंच.

माय तेल्हाऱ्याकडची. तिचं माहेर तालुक्याच्या खालच्या भागात, खारपाण पट्ट्यात. तिथं विहिरीचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही. कपाशी होते ती पावसावर, विहिरीच्या पाण्यावर नाही. माय लग्न होऊन आली तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी ओंजळीनं पीतच राहिली म्हणे, आणि सासरच्या बाया हसल्या. तेव्हापासून तिचं नाव पडलं, खाऱ्या पाण्याची. भाजीत मीठ जास्त झालं की मोठेबाबा ताट सरकवून म्हणायचे, "आणलं का मायेरून पाणी?" माय हसून घ्यायची. पण वेलीला तिच्याइतकं कुणी जपत नव्हतं, हे मी लेक म्हणून नाही सांगत. पान खुडताना तिचा अंगठा देठावर असा फिरायचा की वेलीला कळायचं नाही.

बारावी झाल्यावर मी अकोल्याच्या कॉलेजात गेले. मोठेबाबांनी विचारलं, "काय शिकून राह्यली?" मी म्हटलं, भूगोल. ते म्हणाले, "पृथ्वी गोल हाये, हे तं आमालेबी माईत हाये. त्याच्यासाठी तीन वर्षं?" बाबा मात्र एसटीपर्यंत सोडायला आले, आणि गाडी हलली तरी खिडकीचा गज धरून थोडे चालले.

अंजनगावहून दर्यापूरमार्गे अकोल्याला जाताना पहाड मागं मागं जातो. आधी संत्र्याचे बगीचे, मग केळी दिसेनाशा होतात, मग नुसती काळी सपाट जमीन, तुरी आणि कपाशी. गाडीतल्या बाया दर्यापूरच्या आधीच बाटल्या भरून घेतात, पुढचं पाणी तोंडात धरवत नाही म्हणून. हे मी लहानपणापासून पाहत होते. पण ते का, हे मला पहिल्या वर्षी एका नकाशानं सांगितलं. आमच्या सरांनी भिंतीवर समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांचा, नकाशा लावला होता. वरती रेषा इतक्या जवळजवळ की काळा डाग वाटावा, आणि त्याच्या खाली एकदम कोरं. सर म्हणाले, हा डाग म्हणजे सातपुड्याचा कडा. ढग त्याच्यावर चढतात, थंड होतात, तिथंच मोकळे होतात. तो पाऊस नाल्यांतून खाली येतो, कड्याच्या पायाशी दगडगोट्यांत मुरतो, तिथं विहिरी गोड. पुढं पूर्णा नदीकडं जमीन सपाट, पाण्याला पुढं सरकायला उतार नाही, तिथं खार.

मी त्या नकाशावर बोट ठेवलं. इथं माझं घर, इथं माझ्या मायचं माहेर. एका बोटाचं अंतर. मायचं सगळं आयुष्य त्या बोटाखाली होतं. मला वाटलं, हे मी गावात जाऊन सांगणार. मला तेव्हा असंच वाटायचं, की गोष्ट समजली म्हणजे झालं.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा हिवाळा. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या मळ्याच्या खालच्या बाजूनं जाणारा जुना रस्ता रुंद झाला होता. मुरूम टाकून टाकून माणसाच्या डोक्याच्या वर उंच केला. गाव खूश. पावसाळ्यात चिखल नाही, पानाच्या टोपल्या टेम्पोत चढवायला सोपं. बाबाही खूश.

त्या हिवाळ्यात थंडी पडली ती अशी पडली की संत्र्यावाल्यांनीही कानाला दुपट्टे बांधले. माय रोज उजाडता उजाडता मळ्याच्या दारात झाडायची. तिला पायाला कळलं की गारठा दारातून आत येतो आहे. घोट्याएवढा, जमिनीलगत, नाल्यातून पाणी यावं तसा. तिनं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "यील दोन दिस, मंग जाईन." दुसऱ्या दिवशी बाबा बाजारला गेले असताना मायनं दुपारीच पऱ्हाटीची एक ताटी बांधली आणि त्या दाराला लावली. त्या मळ्याचं दार पहिल्यांदा बंद झालं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पानं काळी पडलेली होती. सगळी नाही, पण खालची सगळी. उकळतं पाणी ओतल्यावर पालक पडतो तशी लोंबत होती.

मला फोन आला तो मोठेबाबांच्या सुनेचा. "ये म्हणते तुमची माय. म्हणजे म्हणत नाई, पण या तुमी." मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि माय चुलीजवळ होती. मोठेबाबा बोलत होते. त्यांचा राग खोटा नव्हता, हे सांगायला पाहिजे. त्यांनी त्या वेली लहानपणापासून चढवल्या होत्या.

"शंभर खेपा सांगतलं, खाऱ्या पाण्याची बाई वेलीत नोको. हाताले खार हाये तिच्या. माहेराचं दार लावलं वो तिनं! कोणाच्या बापानं लावलं होतं का आजवर? आन् देव जाणे, कोणत्या दिवसात शिरली आत."

म्हणजे विटाळात शिरली, असं. ते ऐकून मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पुन्हा पुढं सारलं.

"आजपासून मळ्यात पाय नाई ठेवाचा," मोठेबाबा म्हणाले.

मी बाबांकडं पाहिलं. बाबा जमिनीकडं पाहत होते. मोठ्या भावासमोर ते कधी बोलले नव्हते, आणि त्या दिवशीही बोलले नाहीत. मला वाटतं, मायला मोठेबाबांचं बोलणं कमी लागलं आणि ते गप्प बसणं जास्त.

मग मी बोलले. मला येत होतं ना सगळं. "मोठेबाबा, मायचं काई चुकलं नाई. रात्री पहाड लवकर थंड होते. त्याच्यावरची हवा थंड झाली का जड होते आन् उतारानं खाली येते. त्याले पर्वतीय वारे म्हणतात. पुस्तकात हाये."

"उतरते? जिन्यानं उतरते का लिफ्टनं?" मोठेबाबांनी माणसांकडं पाहिलं. "अकोल्यात लिफ्ट पायून आली वाटते पोरगी."

माणसं हसली.

"बरं, उतरली. मंग हिनं तं दार लावलं होतं न? आत कशी आली तुही हवा? बेल वाजोली का?"

पुन्हा हसली. खरंच, दार बंद होतं. वारा दारातून येत असेल तर दार लावल्यावर पानं वाचायला पाहिजे होती. पुस्तकात एवढंच होतं की हवा उतरते. उतरून पुढं काय करते ते नव्हतं. दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मी एकटी, आणि मी अंगणाच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभी.

दुसऱ्या दिवसापासून माय घरीच. बाबा, मोठेबाबा काळी पानं खुडून टाकत होते. माय अंगणात बसून टोपल्या विणत होती, मळ्याकडं पाठ करून. मी म्हटलं, "माय, त्याईच्या बोलण्याकडं लक्ष नको देऊ." ती म्हणाली, "लक्ष नाई देत व. पर वेल कशी हाये थे कोणी सांगतही नाई मले."

मी सरांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं आणि मोठेबाबांचा प्रश्नच विचारला, दार लावलं मग आत कशी आली. सर हसले नाहीत. म्हणाले, "तू वर पाहून राह्यली. खाली काय आहे? नाल्याचं पाणी खाली अडवलं तर वरच्या दारानं थांबते का?"

मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन खाली पाहिलं. खाली रस्ता होता. माणसाच्या डोक्याच्या वर उंच.

पण हे मी आता अंगणात सांगणार नव्हते. एकदा हसून झालं होतं. मैत्रिणीची स्कूटी मागून आणली आणि बाबांना म्हटलं, सकाळी माझ्यासोबत पहाडाच्या घाटात चला. "काहून?" म्हणाले. "चला तं खरं." ते पोरीच्या मागं गाडीवर बसायला लाजत होते, म्हणून दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

घाटातल्या पहिल्या मोठ्या वळणावर थांबलो तेव्हा सूर्य यायचा होता, पण दिसत होतं. वर हवा गमतीशीर ऊबदार होती, बाबांनी दुपट्टा सोडला. खाली दरीच्या तोंडाशी संत्र्यावाल्यांनी थंडीसाठी ओला पाला पेटवून धूर केला होता. धूर वर जात नव्हता. पांढरा, जाड, तो जमिनीला धरून नाल्यानं खाली निघाला होता, सरळ आमच्या मळ्याकडं. मळ्यापाशी पोचला, पुढं गेला, रस्त्याच्या भरावाला लागला आणि थांबला. मग मागं भरत आला. नालीला बोळा लावला की हौदात पाणी चढतं तसा चढत गेला. आधी आमच्या ताट्यांचा बुडखा गेला, मग अर्ध्या ताट्या, मग पांगाऱ्याचे नुसते शेंडे उरले. बाजूचा शेजाऱ्याचा मळाही त्यातच बुडाला.

बोलायला काही नव्हतंच, ते समोर होतं.

बाबा म्हणाले, "त्या बाजूच्याचं दार तं उघडं हाये न?"

"उघडं हाये."

"मंग त्याचीबी गेली असतीन."

त्याचीही गेली होती की नाही हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या धंद्याची रीतच तशी. आपली वेल बिघडली हे कुणी सांगत नाही, बाजारात कळलं की चांगल्या पानाकडंही कुणी पाहत नाही. आणि दुसऱ्याच्या मळ्यात बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. म्हणून प्रत्येक जण आपापल्या ताट्यांआड आपलं आपलं नुकसान घेऊन बसलेला, आणि आमचं तेवढं दाराच्या निमित्तानं अंगणात आलं.

खाली आल्यावर बाबांनी मला आमच्या मळ्याशी थांबूच दिलं नाही. शेजाऱ्याच्या दाराशी गेले, चपला काढल्या, नाल्याच्या पाण्यात पाय धुतले आणि उघड्या दारात उभे राहिले. आतून शेजारी आला. वयानं बाबांएवढाच.

"दादा, मले पानं पाहू देता?"

शेजाऱ्यानं बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. असं कुणी विचारत नसतं. मला वाटलं, हा आता शिवी देणार.

"पाह्याले काय उरलं हाये," तो म्हणाला, आणि बाजूला सरकला.

आत काळं होतं. आमच्याहून जास्त. दार उघडं असून.

बाबा घरी आले ते सरळ मोठेबाबांसमोर. पायाची माती वाळली नव्हती. म्हणाले, "भाऊ, बाजूच्याची आपल्याहून जास्त गेली. त्याचं दार उघडं होतं. थंडी दारातून नाई, रस्त्यानं कोंडली. म्या सोता पाहून आलो." मग थोडं थांबून, "आमच्यावालीले बोलाचं नाई आता."

मोठेबाबा म्हणाले, "बायकोच्या बाजूनं बोलते काय?"

"हो," बाबा म्हणाले.

बस, एवढंच. मी आजवर ऐकलेला सगळ्यात लहान शब्द. चुलीजवळ मायनं पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही, फक्त पीठ मळता मळता हात थांबला. दुसऱ्या दिवशी ती पाय धुऊन पुन्हा मळ्यात गेली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

मला वाटलं, आता सोपं आहे. कारण सापडलं म्हणजे उपाय सापडला. आम्ही दोघं, बाबा आणि मी, रस्त्याचं काम पाहणाऱ्या साहेबांकडं गेलो. मी कागदावर चित्र काढून नेलं होतं, पहाड, दरी, मळा, भराव. म्हटलं, भरावाखालून मोऱ्या टाका, थंड हवा निघून जाईल. साहेब चांगला माणूस होता, त्यानं चहा मागवला. मग म्हणाला, "ताई, मोऱ्या आम्ही पाण्यासाठी टाकतो. नाल्यावर एक टाकलेली आहे. हवेसाठी मोरी टाकायची कुठंच सोय नाही. मी वर काय लिहू, हवा तुंबली?"

बाबा कपातला चहा बशीत ओतून प्यायले आणि आम्ही निघालो. वाटेत बाबांनी विचारलं, "त्यानं खोटं तं नाई न सांगतलं?" मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतंच ते. पहाड रोज संध्याकाळी थंड होणार, हवा जड होणार, उतारानं येणार. रस्ताही राहणार, आम्हालाच तो हवा होता. ह्यात कुणाशी भांडायचं? पहाडाशी भांडता येत नाही, मुरुमाशी येत नाही. मला सगळं कळत होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं. न कळणाऱ्या माणसाला निदान नवस तरी करता येतो.

खालची ताटी सोडून पाहिली, भरावापर्यंत हवा जाऊन परत आली. शेणी पेटवून पाहिल्या, धुरानं उरलेली पानं पिवळी झाली. पुढच्या थंडीच्या लाटेत शेंडे गेले. उन्हाळ्यात विहीर आटली आणि खालून झळ आली, तिनं बाकीचं केलं. पांगारे उभे, त्यांवर वेलीच्या वाळक्या दोऱ्या. मोठेबाबा एक दिवस आले आणि नुसते त्या दोऱ्या ओढत बसले. मायनं त्यांना पाणी दिलं, ते प्यायले. मायला ते कधी चुकलो म्हणाले नाहीत. म्हणणारही नाहीत, तो माणूस तसा नाही.

त्याच उन्हाळ्यात माझा निकाल लागला. मायला सांगितलं तेव्हा ती मळ्यातच होती, वाळल्या वेली उतरवून गठ्ठे बांधत होती. तिनं विचारलं, "पास म्हणजे आता तू काय झाली?" मी म्हटलं, ग्रॅज्युएट. तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि गठ्ठ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

मळा आम्हाला वाचवता आला नाही. आता तिथं तूर असते. मी भूगोल घेऊन बी.ए. झाले, दोन्ही घरांतली पहिली, आणि मायवरचा आळ गेला.